बंदुकीला बसणारा कोट

आमच्या मास्तरांनी बंदूक घेतली त्याची गोष्ट सांगायची, तर खांद्यापासून सुरुवात करावी लागेल. मास्तरांचं सगळं जगच खांद्यापासून सुरू होत असे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कोट शिवणारे. आमची नाटक कंपनी चालू होती तेव्हा आमचे राजे, सेनापती आणि दिवाण त्यांच्याच मशीनवर जन्माला येत. आत माणूस आमचा असे, रुबाब त्यांचा. पडदा वर जायच्या आधी ते विंगेत येऊन आमच्या खांद्यावरून तळहात फिरवत आणि कानात सांगत, "जा आता. वाक्य विसरलात तरी चालेल, खांदा पाडू नका." आम्ही वाक्यं विसरलो, कंपनी बुडाली, पण खांदा कुणाचा पडला नाही.

कंपनी बंद झाल्यावर मास्तरांनी मोठ्या रस्त्यावर दुकान थाटलं. पुढे काउंटर, मागे दोन मशीनं, मधे तीन फळ्यांचा आरसा. त्या आरशासमोर माणूस उभा राहिला की तो एकाच वेळी समोरून आणि दोन्ही बाजूंनी दिसे, आणि तिन्हींकडून मास्तर त्याला नावं ठेवत. "पोट तुमचं, पण कोट माझा आहे. आत घ्या." मोठमोठी माणसं निमूटपणे पोट आत घेत. काजं-बटणं मास्तरांची बायको करी, तिला सगळे काकू म्हणत. काकू तोंडात दोरा धरून बोलत, त्यामुळे त्यांचा टोमणा जरा उशिरा कळे, पण लागे मात्र बरोबर.

मास्तरांचे दोन सिद्धांत होते. पहिला असा की कोट माणसाला बसवायचा, माणूस कोटात बसवायचा नाही. दुसरा असा की दुरुस्ती कधी दिसता कामा नये. ठिगळ हा शब्द त्यांच्या दुकानात शिवीसारखा होता. आणि स्वतःबद्दल त्यांचं मत त्यांनी गावात इतक्या वेळा ऐकवलं होतं की लोकांना ते पाठ होतं: "माझ्या हातून इस्त्री बिघडेल, बटण निघेल. खांदा चुकणार नाही."

या सुखात खडा पडला तो मुलीच्या लग्नात.

मुलगी चांगल्या घरी पडली. व्याही पाणीखात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, अंगानं ठेंगणे, आवाजानं उंच, आणि गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबाचे चिटणीस. तिथे रविवारी सकाळी बरी परिस्थिती असलेली माणसं जमत, एक यंत्र मातीच्या तबकड्या आकाशात भिरकावी, आणि ही मंडळी छर्ऱ्याच्या बंदुकांनी त्या फोडत. तबकडीनं कुणाचं काय वाकडं केलं होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण क्लबाचा वार्षिक चषक व्याह्यांकडे इतकी वर्षं होता की त्यांच्या दिवाणखान्यात त्याच्या बुडाचा गोल डाग पडला होता.

लग्नाच्या जेवणानंतर मास्तरांनी सहज विचारलं, "आम्हाला जमेल का हो हे?"

व्याह्यांनी दाताशी काडी फिरवत म्हटलं, "मास्तर, तुमचं काम बसून करायचं. हे उभ्यानं करायचं असतं."

चार माणसं हसली. मास्तरही हसले. पण घरी जाईपर्यंत त्यांच्या हसण्याची शिवण उसवली होती. परवान्याचे सोपस्कार त्यांनी गुपचूप उरकले, आणि एके दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाले, "चला, बंदूक घ्यायचीय. तुम्हाला त्यातलं कळतं."

"मला?"

"तीन नाटकांत हातात बंदूक होती तुमच्या!"

"मास्तर, ती लाकडी होती. आवाज विंगेतून यायचा, तोही कधीकधी मी मेल्यावर."

"पण धरायचात झोकात. चला."

बंदुकीच्या दुकानात तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. दुकानदार शांत माणूस. त्यानं मास्तरांना वरून खाली पाहिलं. मास्तर ताडमाड उंच, हात गुडघ्याच्या दिशेनं निघालेले. त्यानं एक साधी दुनळी काढली, एकावर एक नळ्या असलेली, खांद्याला टेकायच्या जाड लाकडी दस्त्याची, तपकिरी. "डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा." मास्तरांनी उघडले. "नळीवरच्या पट्टीच्या सरळ रेषेत पुढचा मणी दिसतो? दिसतो ना? मग ही तुमची. छर्ऱ्याच्या बंदुकीत नेम डोळ्यानं धरायला वेळच नसतो. दस्ता अंगाला बसला की नेम आपोआप बसतो. कपड्यासारखंच आहे."

हे शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यांची नजर कपाटातल्या दुसऱ्या बंदुकीवर गेली होती.

खरं सांगतो, रंगभूमीवर नायिका येते तशी ती बाहेर आली. अक्रोडाचा दस्ता, त्यात मधासारख्या लाटा. पोलादावर कोरलेली वेल, इतकी बारीक की मास्तरांनी खिशातलं भिंग काढलं. "काय हात आहे!" ते पुटपुटले. "एक टाका उलटा नाही."

"ती कुण्या लहान चणीच्या माणसासाठी बनवलेली आहे," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला दस्ता आखूड पडेल. घ्यायचीच तर मागे जाड रबराचा तुकडा बसवून देतो, लांबी बरोबर होईल."

"रबर?" मास्तर एक पाऊल मागे सरले. "याला? म्हणजे ठिगळ?"

"सगळे बसवतात हो."

"सगळ्यांचे कोटही मी पाहतो रस्त्यावर."

मी विंगेतून वाक्य सुचवावं तसं हळूच म्हटलं, "मास्तर, ती साधी बरी होती."

"तुम्ही लाकडी धरायचात," मास्तर म्हणाले. विषय संपला.

पहिल्याच रविवारी काय व्हायचं ते झालं. दस्ता आखूड असला की दस्त्याला धरलेल्या हाताचा अंगठा नाकाजवळ येतो, आणि बार उडाला की बंदुकीचा धक्का अंगठ्याला, अंगठ्याचा नाकाला. मास्तरांनी "सोड!" म्हणून आवाज दिला, तबकडी निवांत गेली, आणि मास्तरांचं नाक फुटलं. व्याही धावत आले, स्वतःचा रुमाल दिला आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तबकडी तिकडे असते, मास्तर."

काकूंनी नाकावर बर्फ लावत विचारलं, "बंदूक कुणावर झाडायची असते, ते सांगितलं नाही का दुकानदारानं?"

दुसरा कुणी असता तर रबर बसवून मोकळा झाला असता. मास्तर शिंपी होते. बंदूक दोन बोटं आखूड आहे ना? मग दोन बोटं आपण वाढायचं! त्यांनी जाड लोकरी कापडाचा एक कोट बेतला. उजव्या खांद्यावर आणि खांद्याच्या खोबणीत, जिथे दस्ता टेकतो तिथे, कॅनव्हास, नमदा आणि कापूस यांची अशी भर घातली की बाहेरून एक सुरकुती दिसू नये. आयुष्यभर कोट माणसाला बसवणाऱ्या गृहस्थानं पहिल्यांदा माणूस बंदुकीला बसवला, आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही. दुरुस्ती अस्तराच्या आत होती ना!

त्या रविवारी नाक वाचलं. त्याच्या पुढच्या रविवारी तबकडीही फुटली. मग मास्तरांना चेव आला. भर थोडी कमी, थोडी वर, थोडी आत, असे कोटावर कोट निघाले. काकूंनी खुंट्या मोजायचं सोडून दिलं. "माझ्या लग्नात यांनी स्वतःला एक कोट शिवला होता," त्या मला म्हणाल्या, "तोही भाड्यानं दिला नंतर."

शेवटचा कोट खरोखर जमला. बंदूक त्यात अशी जाऊन बसे, जशी मांजर उशीत. अंगाला सवय व्हावी म्हणून मास्तर तो दिवसभर दुकानात घालून बसू लागले. कापताना, इस्त्री करताना, गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून तीन फळ्यांच्या आरशात पाहताना, उजवा खांदा टेकडीसारखा वर. समोरून तेच, डावीकडून तेच, उजवीकडून तेच. महिनाभरात त्यांच्या डोळ्याला तोच खांदा सरळ वाटू लागला.

आणि मग आम्हा बाकीच्यांचे खांदे पडायला सुरुवात झाली.

पहिला नंबर दंतवैद्यांचा. ते कोटाचं माप द्यायला आले, मास्तरांनी आरशात पाहून भुवया जवळ आणल्या. "डॉक्टर, उजवा खांदा पडलाय तुमचा."

"हो? कधी?"

"लोकांच्या तोंडात वाकून वाकून. घाबरू नका, मी भर घालतो." आणि घातली. दंतवैद्य शिकलेले, पण मास्तरांपुढे त्यांनी स्वतःच्या खांद्याची साक्ष काढली नाही. उलट घरी जाऊन रोज सकाळी उजव्या हातानं वजन उचलायला लागले, खांदा वर यावा म्हणून. मग बँकेच्या मॅनेजरांचा खांदा पडला, मग औषधांच्या दुकानदाराचा. जो येई त्याचा उजवा खांदा पडलेला. गावात एखादी साथ आल्यासारखं झालं. लोक एकमेकांना विचारीत, "तुमचा किती पडलाय?" आणि ज्याचा जास्त, तो जरा अभिमानानं सांगे. कामाचा भार तेवढा जास्त, नाही का!

काकू एकदा म्हणाल्या, "अहो, सगळ्यांचा उजवाच कसा पडतो?"

"डाव्यानं कोण काम करतं?" मास्तर म्हणाले. काकूंनी दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं.

अशात क्लबाच्या वार्षिक सामन्याचा दिवस ठरला. पाहुणे मोठे येणार होते, फोटो निघणार होता, थंडीचे दिवस होते. सगळ्यांनी मास्तरांकडे कोट टाकले. आणि एका सकाळी चक्क व्याही दुकानाच्या पायऱ्या चढले. सोबत सून, म्हणजे मास्तरांची लेक. तिनंच सासऱ्यांना आणलं होतं. लग्नापासून दोन्ही घरांत जे हसत हसत बोचकारणं चाललं होतं, त्यात मधे सापडलेली तीच. इकडे आली की बाप सासऱ्याबद्दल विचारी, तिकडे गेली की सासरा बापाच्या नाकाबद्दल.

"बाबा, मामंजींना कोट हवाय. चांगला करा," ती म्हणाली. तिचा आवाज विनंतीचा होता.

मास्तरांनी टेप उचलला. मी तिथेच बाकावर होतो म्हणून सांगतो, त्यांच्या मनात पाप नव्हतं. व्याही आपल्याकडे मापाला उभे राहिलेत, याचंच त्यांना इतकं भरून आलं होतं की एकच माप त्यांनी दोनदा घेतलं. त्यांनी आरशात पाहिलं, जीभ चावली, पण राहवलं नाही. "तुमचा उजवा खांदा जरा पडलाय."

"माझा? पडलाय?" व्याह्यांचा आवाज छताला लागला.

"थोडा. मी सांभाळून घेईन."

"मामंजी, बाबांना कळतं त्यातलं," लेक घाईघाईनं म्हणाली. व्याही फुरफुरले, पण उभे राहिले. त्या कोटावर मास्तरांनी जीव ओतला. राजाच्या झग्यावर ओतला नसेल इतका.

सामन्याच्या दिवशी व्याही नवा कोट घालून मैदानात उतरले. घडी मोडायची ती पाहुण्यांसमोरच, म्हणून त्यांनी तो घालून एकदाही बंदूक खांद्याला लावून पाहिली नव्हती. त्यांची बंदूक त्यांच्या ठेंगण्या अंगाला बेतून घेतलेली, वर्षानुवर्षं मुरलेली. त्यांनी ऐटीत पाय रोवले. "सोड!"

तबकडी उडाली. व्याह्यांनी बंदूक उचलली आणि दस्ता काखेपाशी अडकला. भर घातलेला खांदा वाटेत आडवा आला होता. बंदूक सुटून खांद्यावर येईपर्यंत तबकडी गवतात उतरून विसावली होती.

"पुन्हा. सोड!"

पुन्हा तेच. व्याही घामाघूम झाले, पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, फोटोवाल्यानं कॅमेरा सौजन्यानं दुसरीकडे वळवला. एवढ्या वर्षांचा विजेता रिकामं आकाश झोडपत राहिला. उलट मास्तरांनी त्या दिवशी, आपल्या टेकडीत बंदूक रुतवून, बऱ्यापैकी तबकड्या फोडल्या. चषकाच्या जवळही नव्हते, तो औषधांच्या दुकानदारानं नेला. त्याचा भर घातलेला कोट घाईत वेळेवर शिवून झालाच नव्हता. पण मास्तर व्याह्यांच्या पुढे होते.

चहाच्या टेबलापाशी व्याह्यांनी कोट काढून आपटला आणि खांदा चाचपला. हाताला ती भर लागली. त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"असं आहे तर! पडलाय म्हणे खांदा! मुद्दाम भरलंत हे, माझी बंदूक अडावी म्हणून!"

मग एक जण खुसखुसला. बँकेचे मॅनेजर मास्तरांच्या पाठीवर थाप मारून कुजबुजले, "मानलं, मास्तर! काय डोकं चालवलंत!" दुसऱ्यानं डोळा मारला. आयुष्यात पहिल्यांदा क्लबातली माणसं मास्तरांकडे आपल्यातला म्हणून पाहत होती. लबाडी केली असं समजल्यावर! मोठी माणसं कशानं जवळ येतात पाहा.

मास्तर त्या कोटाकडे पाहत होते. त्यांनी तो उचलला, खांदा दोन बोटांत धरला, मग आपल्या अंगावरचा कोट उतरवून शेजारी ठेवला. दोन्ही कोटांचे उजवे खांदे सारखेच होते. त्यांना समजलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

गप्प राहिले असते तर ते गावातले सगळ्यात चतुर शिंपी ठरले असते, आणि त्यांच्या हाताचं नाव राहिलं असतं. पण व्याही सुनेकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तूच नेलंस मला तिथे. तुलाही ठाऊक होतं का हे?"

तिनं फक्त बापाकडे पाहिलं.

"तिला काय ठाऊक असणार!" मास्तर म्हणाले. आवाज असा आला, जसा पहिल्या प्रयोगाला नवख्या नटाचा येतो. "डाव नाही हा. चूक आहे. माझा... माझा खांदा चुकला."

आणि मंडळी, कुणीही विश्वास ठेवला नाही!

"तुमचा? चुकला?" व्याही म्हणाले. "माझ्या दारातल्या कुत्र्याला माहीत आहे की मास्तरांचा खांदा चुकत नाही! तुम्हीच सांगितलंय!"

"सांगितलंय खरं."

"मग?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग विंगेतून जुना अधिकार परत आल्यासारखे ते ताठ झाले. "ज्यांनी ज्यांनी यंदा माझ्याकडे कोट शिवलाय, त्यांनी इकडे या. पाठ करून उभे राहा. रांगेत. डॉक्टर, तुम्हीही. पोट राहू द्या, आज खांदा बघायचाय." लोक चहाचे कप घेऊन उभे राहिले. मास्तर लेकीला म्हणाले, "तू लहानपणी माझ्या कापायच्या टेबलाखाली बसून खांदे बघायला शिकलीस. सांग सगळ्यांना काय दिसतं ते."

ती रांगेच्या मागे गेली. तिनं पाहिलं. तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांतून निसटलं. "बाबा, अख्खी रांग उजवीकडून वर आलीय. सगळे एकाच दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसताहेत!"

व्याही पुढे आले. त्यांनी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक खांदा दाबून पाहिला. मऊ, मऊ, मऊ. "म्हणजे मी एकटा नाही?"

"एकटे नाही," मास्तर म्हणाले. "मी आखूड बंदूक घेतली. रबर लावायची लाज वाटली म्हणून स्वतःला भर घातली, आणि मग आरशात तेच बघून बघून डोळा बिघडला. पडला कुणाचाच नव्हता. वर गेला होता तो माझा."

व्याह्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मामंजी आता काय बोलतात म्हणून लेक दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. "कोट उभ्यानं मापायचा असतो ना, मास्तर?" ते म्हणाले. "मग चूक उभ्यानंच झालीय. बसून करत होतात तेव्हा बरं होतं." आणि आवाज मोकळा करून हसले. तो टोमणाच होता. पण या वेळी रुमालासारखा पुढे केलेला.

एवढ्यात रांगेतून दंतवैद्यांचा रडका आवाज आला, "मग माझ्या व्यायामाचं काय?"

त्यानंतर कितीतरी दिवस मास्तरांच्या दुकानात कोट उसवण्याचं काम चाललं. कापूस इतका निघाला की काकूंनी त्याच्या उशा केल्या, आणि दुकानातल्या बाकावर माझ्यासाठी एक ठेवली. "टेका. त्यात बँकेचा मॅनेजर आहे," त्या म्हणाल्या. व्याह्यांचा कोट सगळ्यात आधी झाला. आरशासमोर त्यांनी डोळे मिटले, बंदूक उचलल्यासारखे हात खांद्याला नेले, डोळे उघडले. "बसला," म्हणाले. मास्तरांनी मान वळवून इस्त्री उगाच दुसरीकडे ठेवली.

मास्तर पुन्हा बंदुकीच्या दुकानात गेले तेव्हाही मी सोबत होतो. दुकानदारानं त्यांच्या हाताचं माप घेतलं. जन्मात पहिल्यांदा मास्तर टेपच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. दुकानदाराला "टेप जरा सैल धरा" एवढं सांगितल्याशिवाय राहवलं नाहीच. काळं, जाड, उघड दिसणारं रबर दस्त्याला लागलं. मास्तरांनी ते बोटानं दाबलं, पुन्हा दाबलं. घरी जाऊन त्याला कातड्याची खोळ शिवणार, हे मी तेव्हाच ओळखलं. शिवलीच. सांधा मला तरी सापडला नाही.

सगळ्यात शेवटी कोट घेऊन आले ते दंतवैद्य. मास्तरांनी त्यांना आरशासमोर उभं केलं, भर काढली, कोट अंगावर चढवला, आणि खडू हातात घेऊन थांबले. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. आता त्यांचा स्वतःच्या डोळ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी पट्टी लावली, काकूंना बोलावलं, मला बोलावलं. शंकाच नव्हती. रोज वजनं उचलून उचलून डॉक्टरांचा उजवा खांदा खरोखरच वर आला होता, आणि रिकामा झालेला तो कोट त्याला तंतोतंत बसत होता.

"उसवू नका, मास्तर," दंतवैद्य आरशात स्वतःला न्याहाळत म्हणाले. "आता भर माझीच आहे."